शकुनाच्या पाच प्रती

"अक्का, पुस्तक स्पर्धेला पाठवू का?"

वर्ष संपत आलं की हा प्रश्न घेऊन माणसं माझ्याकडे येतात. कुणी फोनवर विचारतं, कुणी समोर बसून. प्रश्न विचारणाऱ्याचं पुस्तक बहुतेक वेळा त्याने स्वतःच छापलेलं असतं, आणि बहुतेक वेळा ते मीच जुळवलेलं आणि बांधलेलं असतं. म्हणजे डॉक्टरने ऑपरेशन करून झाल्यावर त्यालाच विचारायचं, की साहेब, मी पळायच्या शर्यतीत उतरू का. पण विचारतात, आणि मीही सांगते. इतकी वर्षं मी काय सांगत होते आणि आता काय सांगते, ते या निमित्ताने लिहून ठेवते.

माझं शिक्षण सातवीपर्यंत. माहेर धुळ्याकडचं, लग्न होऊन जळगावात आले तेव्हा सासरी छापखाना होता. त्या काळी शिशाचे खिळे एकेक उचलून ओळ जुळवायची. खिळ्यावर अक्षर उलटं असतं, त्यामुळे मी सुलटं वाचायच्या आधी उलटं वाचायला नीट शिकले. कुणी शिकवलं नाही. यजमान जेवायला गेले की मी त्यांच्या जागेवर बसायची. पुढे खिळे गेले, संगणक आला, तोही मी असाच समोर बसून शिकले. छपाई आता आम्ही बाहेर मोठ्या मशीनवर करून घेतो. अक्षरं जुळवणं आणि पुस्तक बांधणं एवढं माझ्याकडे राहिलं. त्यातलं बांधणं मला जास्त आवडतं. जुळवताना चूक झाली तर ती लेखकाची म्हणता येते, बांधताना झाली तर ती माझीच.

फर्मा म्हणजे काय ते आधी सांगते, कारण पुढची सगळी गोष्ट त्याच्यावर आहे. पुस्तक एकेक पान असं छापत नाहीत. एका मोठ्या कागदावर दोन्ही बाजूंनी मिळून सोळा पानं छापतात. त्या कागदाच्या घड्या घातल्या की सोळा पानांची एक छोटी चोपडी होते, तो फर्मा. तीनशे पानांचं पुस्तक म्हणजे असे अठराएकोणीस फर्मे. लांब टेबलावर त्यांच्या थप्प्या ओळीने मांडायच्या. मग बायका टेबलाच्या कडेने चालत जातात, प्रत्येक थप्पीवरून एकेक फर्मा उचलतात, आणि दुसऱ्या टोकाला पोहोचेपर्यंत हातात एक अख्खं पुस्तक जमा झालेलं असतं. मग शिलाई, मग पुठ्ठा. माझ्याकडे दोन बायका हे काम करतात, मंदा आणि शोभा. चालता चालता बोलतात, भांडतात, पण फर्मा चुकत नाही. एकदाच चुकला.

आता स्पर्धांबद्दल. ग्रंथालयं, मंडळं, प्रतिष्ठानं दर वर्षी वर्तमानपत्रात निवेदन देतात, की लेखकांनी पुस्तकाच्या दोन किंवा तीन प्रती पाठवाव्यात, प्रती परत मिळणार नाहीत. सोबत रकाने असतात. कथा, कादंबरी, कविता, ललित, आत्मकथन, प्रवासवर्णन, बालसाहित्य. ज्याचं पुस्तक यांपैकी कशात बसतं त्याला चिंता नाही. पण मला गेल्या काही वर्षांत वेगळीच माणसं भेटायला लागली. उडत्या घोड्यांची, बोलत्या डोंगरांची, दुसऱ्याच जगाची पुस्तकं लिहिणारी. नवीन पोरं त्याला फँटसी म्हणतात. मी अद्भुत कादंबरी म्हणते. ही पुस्तकं छापायला प्रकाशक सहसा तयार नसतात, म्हणून लेखक स्वतः छापतो, आणि स्पर्धेच्या अर्जावर येऊन अडकतो.

भुसावळचे एक निवृत्त रेल्वे गार्ड होते, आम्ही त्यांना नाना म्हणायचो. त्यांच्या कादंबरीत एका गाडीचा शेवटचा डबा रोज दुसऱ्याच जगात जाऊन परत येतो. रकान्यांमध्ये नानांनी प्रवासवर्णनावर खूण केली. मी म्हटलं, "नाना, हे कादंबरीत टाका." ते म्हणाले, "गाडी आहे, डबा आहे, माणसं जातात-येतात. प्रवास नाही तर काय आहे?" सहा महिन्यांनी पत्र आलं, की लेखकाने प्रवासाची छायाचित्रं जोडलेली नाहीत. नाना ते पत्र खिशात ठेवून सगळ्यांना दाखवत फिरायचे. त्यांना बक्षिसाची पर्वा नव्हती. असली माणसं थोडी.

मनीषाला पर्वा होती, म्हणून तिची गोष्ट सांगते.

मनीषा मुक्ताईनगरकडच्या एका गावातली सून. घरची केळी. नवरा सुधाकर, सासू, एक मुलगी. पहिल्यांदा आली तेव्हा पिशवीतून तीन जाड वह्या काढल्या आणि टेबलावर अशा ठेवल्या, की जणू तिला त्या कुणी वाटेत दिल्या होत्या.

"अक्का, हे मी लिहिलंय. हसू नका."

"का हसू? विनोदी आहे का?"

"नाही. वाऱ्याचं आहे."

कादंबरीचं नाव होतं 'वाऱ्याची दावण'. एक मुलूख असतो, तिथली माणसं गुरं बांधतात तसे वारे बांधून ठेवतात. गोठे असतात, खुंट असतात, दावणीला ओळीने वारे. लागतील तसे सोडायचे, संध्याकाळी हाकून आणायचे. त्यांची राखण बायकांकडे. आणि त्यातली एक पोर, रेवू, तिला कळतं की सगळ्यात म्हाताऱ्या वाऱ्याला लहानपणापासून बांधलंय, तो कधी सुटलेलाच नाही. मी जुळवता जुळवता वाचत होते, आणि एके दिवशी दुपारचं जेवायचं विसरले. चाळीस वर्षांत दोनतीनदाच असं झालंय. केळीवाल्या घरात वाऱ्याला किती भितात ते मला माहीत होतं, पण त्याला दाव्याने बांधायचं कुणाच्या मनात आलं नव्हतं.

मी तिला तसं सांगितलं. ती म्हणाली, "तुम्ही म्हणणारच चांगलं, अक्का. तुम्ही मला चहा देता. घरचे म्हणतात छान, पण दहा पानांपुढे कुणी गेलं नाही. जाऊ म्हणते, एवढी मोठी बाई, आणि वाऱ्याच्या गोष्टी लिहिते. मला ओळखत नाही असं कुणीतरी हे वाचायला पाहिजे. त्याने सांगितलं की यात काही आहे, तर दुसरा भाग लिहीन. नाहीतर वह्या बंद."

"मग स्पर्धेला पाठव," मी म्हटलं. "परीक्षक तुला ओळखत नाही, आणि त्याला वाचणं भाग आहे."

हे मी म्हटलं. म्हणजे पुढचं सगळं माझ्या अंगावर आलं ते बरोबरच आलं.

बांधणीचा दिवस ठरला. आमच्याकडे एक रीत आहे, सासऱ्यांपासूनची. पुस्तकाच्या पहिल्या पाच प्रती लेखकाच्या घरच्यांसमोर गोळा करायच्या. त्या शकुनाच्या प्रती. त्यांना हळदकुंकू लावायचं, पक्का पुठ्ठा घालायचा, आणि लाल कागदात गुंडाळून ठेवून द्यायचं. एकदा गुंडाळल्या की आपण उघडायच्या नाहीत. देवाला दाखवलेला नैवेद्य आपण परत चाखून बघतो का, तसं. आणि माझा स्वतःचा एक नियम होता, की स्पर्धेला जायच्या त्या शकुनाच्याच प्रती. एकदोन बक्षिसं अशी आली होती, त्यामुळे माझा त्यावर विश्वास बसला होता.

मनीषाची सासू पूजेचं ताट घेऊन आल्या. नारळ, पेढे, निरांजन, सगळं भरगच्च. टेबलावर अठरा थप्प्या मांडलेल्या, ताटाला जागा कुठे? त्यांनी मधोमध एका थप्पीवर ठेवलं. निरांजन तेवत होतं, हात जोडून सगळे उभे. मी मंदा-शोभाला म्हटलं, "चला, उचला." आणि त्या दोघी ताटाला वळसा घालून पुढे गेल्या. पूजेचं ताट हलवायचं कसं, तेही लेखिकेच्या सासूसमोर? त्यांना वाटलं मी काहीतरी बोलेन. मला वाटलं त्यांना माहीत आहे. पाच वेळा वळसा घातला. पाच प्रती झाल्या. मग ताट उचललं, पेढे वाटले, आणि बाकीच्या प्रती व्यवस्थित बांधून झाल्या.

शेवटी नववा फर्मा पाच जास्त उरला. ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. म्हटलं, मशीनवाल्याने जास्त दिले असतील. माळ्यावर टाकून दिले.

पाचांपैकी तीन प्रती एका मोठ्या शहरातल्या मंडळाकडे गेल्या. दोन धुळ्याकडच्या एका ग्रंथालयाकडे, ज्यांची छोटी स्पर्धा असते आणि निकाल फार उशिरा लागतो.

मंडळाचा फोन दीड महिन्यातच आला. उत्कृष्ट कादंबरी. मनीषाने मला फोन केला तेव्हा तिला धाप लागली होती, शेतातून घरापर्यंत पळत आली होती. आम्ही चौघं गेलो, ती, सुधाकर, सासू आणि मी. सभागृहात पोहोचलो तर बक्षीस मिळालेल्यांचीच एवढी गर्दी, की टाळ्या वाजवायला माणसं कमी पडत होती. एकेकाला बोलवायचे, शाल, फोटो, पुढचा. मनीषाचं मानपत्र वाचलं गेलं. ग्रामीण स्त्रीच्या दैनंदिन व्यथांचं वास्तववादी चित्रण करणारी कादंबरी.

सासू माझ्या कानात म्हणाल्या, "व्यथा कोणत्या? घरातल्या लिहिल्या का हिने?"

"नाही हो. वाऱ्याचं आहे."

"मग हे काय वाचून रायले?"

मला समोर दुसरंच दिसत होतं. व्यासपीठाशेजारी एका टेबलावर आलेली पुस्तकं मांडली होती. त्यात आमचं पार्सल होतं. पुस्तक नव्हे, पार्सल. माझा खाकी कागद, माझी सुतळी, माझी गाठ. मी गाठ मारते ती दुहेरी असते आणि टोक आत खोचलेलं असतं. ते टोक तसंच आत होतं.

मला वाटलं मनीषाने पाहिलं नसेल. परतीच्या गाडीत ती खिडकीशी बसली. मग म्हणाली, "सोडायची तरी होती सुतळी."

सुधाकरभाऊ म्हणाले, "जाऊ दे ना. शाल मिळाली, फोटो मिळाला. झालं ना आता समाधान?"

त्यांनी वाईट मनाने म्हटलं नव्हतं. पण तिने मांडीवरची शाल घडी करून पिशवीत टाकली. आठवड्याने मी फोन केला, दुसऱ्या भागाचं विचारलं, तर म्हणाली की वह्यांची कोरी पानं फाडून मुलीला गृहपाठाला दिली, लिहिलेली पेटीत टाकली. मला म्हणाली, "तुम्ही वाईट वाटून घेऊ नका अक्का, तुम्ही चांगल्यासाठीच सांगितलं." अशा वेळी माणूस रागावला तर बरं असतं.

त्या दिवसांत मला कुणी विचारलं असतं की स्पर्धेला पाठवू का, तर मी सरळ नको म्हटलं असतं.

मग एके दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला फोन वाजला. अनोळखी नंबर.

"मी धुळ्याहून बोलतोय. नाव सांगता येणार नाही."

मी म्हटलं, "मग मलाही काही सांगता येणार नाही. माझं बँकेत काही नाही आणि मोबाइलवर आलेला आकडा मी कुणाला देत नाही."

"अहो बाई, बँकेचं नाही. मी एका स्पर्धेचा परीक्षक आहे. लेखकाशी बोलायची आम्हाला मनाई आहे, पण पुस्तक बांधणाऱ्याशी बोलू नये असं नियमात लिहिलेलं नाही. तुमचा नंबर आतल्या पानावर आहे. 'वाऱ्याची दावण' तुम्ही बांधलं ना?"

"मीच."

"मला एक सांगा. एकशे अठ्ठाविसाव्या पानावर ती पोर म्हाताऱ्या वाऱ्याच्या दाव्याला हात घालते. पान उलटलं तर ती डोंगरावर एकटी बसलेली, केस पांढरे झालेले. मी म्हटलं वा. एका पानात आयुष्य गेलं. या असल्या पुस्तकात काहीही होऊ शकतं, म्हणून मी एक दिवस गप्प बसलो. दुसऱ्या दिवशी परत तिथेच आलो. आज पानांचे आकडे बघितले. अठ्ठावीसनंतर एकशे पंचेचाळीस."

एकशे एकोणतीस ते एकशे चव्वेचाळीस, नववा फर्मा. माळ्यावर पडलेले ते पाच फर्मे मला तिथूनच दिसायला लागले. आणि मग टेबल दिसलं, त्यावरचं ताट दिसलं, आणि वळसा घालून जाणाऱ्या मंदा-शोभा.

माझ्या तोंडून आपोआप माहेरची बोली निघाली. "अरे देवा, बठ्ठा पाची प्रती तश्याच व्हयन्यात."

पलीकडचा माणूसही त्याच बोलीवर आला. "तुम्ही आपल्याकडल्या शेत का? मंग सांगा ना अक्का, सोळा पाने कथा गयात?"

कुठे गेली ती पानं, ते मी त्यांना सगळं सांगितलं, ताटासकट. ते इतके हसले की त्यांना खोकला लागला. मी म्हटलं, "भाऊ, मी आजच दुसऱ्या प्रती पाठवते. स्पर्धेत चालतील का?"

"स्पर्धेचं ग्रंथालयाला विचारा, ते माझ्या हातात नाही. तुम्ही पानं आजच्या एसटीने पाठवा. ती पोर तीन दिवस दाव्याला हात लावून उभी आहे, मला दुसरं पुस्तक हातात घेववत नाही."

मी माळ्यावर चढले. या वयात चढू नये, पण चढले. दोन फर्मे उतरवले, धूळ झटकली, नव्या दोन प्रतींसोबत बांधले. वर चिठ्ठी लिहिली ग्रंथालयाला, की चूक बांधणीची आहे, लेखिकेची नाही, सुटे फर्मे परीक्षकांना द्यावेत, आणि सही केली. संध्याकाळी सहाला पार्सल धुळ्याच्या गाडीत चढलं. ग्रंथालयाचं उत्तर चार दिवसांत आलं, फार सभ्य. मुदतीत आलेल्या प्रतींवरच निर्णय होईल, नव्या प्रती वाचकांसाठी ठेवून घेतल्या आहेत. म्हणजे सोळा पानं नसलेलं पुस्तक स्पर्धेत. तेही ती सोळा पानं, ज्यात दावं सुटतं.

आता मनीषाला सांगणं आलं. फोनवर सांगायची माझी हिंमत झाली असती, पण ते बरं दिसलं नसतं. मी मुक्ताईनगरची गाडी पकडली.

ओसरीवर सासू गहू निवडत होत्या, मनीषा शेजारी बसली होती. मी पाणी प्यायले आणि एका दमात सांगितलं. फर्मा, ताट, वळसा, पाच प्रती.

सासूंचा हात सुपातच थांबला. "म्हणजे माझ्या ताटाने झालं?"

"ताट तुमचं होतं, टेबल माझं होतं. बघायचं काम माझं."

"मी तिथेच ठेवलं ना पण. मधोमध." त्या मनीषाकडे बघत होत्या. "मले कोणी सांगितलं असतं तर उचललं असतं वं."

मी मनीषाकडे वळले. मी म्हटलं, "तू मला काहीही बोल. स्पर्धेचं बक्षीस यामुळे गेलं तर ते मी घालवलं."

ती म्हणाली, "तो तीन दिवस थांबला?"

"कोण?"

"तो वाचणारा."

"हो. म्हणाला दुसरं पुस्तक हातात घेववत नाही."

"कुठे अडला म्हणालात? दाव्याला हात घालते तिथे?"

"तिथेच."

"तिथे मी दोन महिने अडले होते," मनीषा म्हणाली. "सोडू की नको, मलाच कळत नव्हतं." मग तिने सासूच्या पुढ्यातलं सूप ओढून घेतलं आणि मान खाली घालून गहू निवडायला लागली. सासूंनी मला खुणेने विचारलं, रडते का. मला दिसत नव्हतं. पण खडे ती गव्हात टाकत होती आणि गहू बाहेर.

मी निघताना ती फाटकापर्यंत आली. म्हणाली, "दुसऱ्या परीक्षकांकडेही तशीच प्रत असेल ना? त्यांचा फोन आला का?"

"नाही आला."

"म्हणजे दोघांत एक," ती म्हणाली. तिचा हिशोब तेवढाच होता, आणि आवाजावरून तो तिला वाईट वाटत नव्हता.

निकाल लागला. बक्षीस एका चरित्राला गेलं. मनीषाला काहीच नाही, उत्तेजनार्थही नाही. सोळा पानं असती तर मिळालं असतं का, हे मला माहीत नाही, आणि ते मला अजून टोचतं. टोचू दे. तेव्हापासून शकुनाच्या प्रतीही मी पान न् पान मोजते, समोर कुणीही हात जोडून उभं असो.

पण त्या ग्रंथालयाची एक पद्धत आहे. ज्यांना बक्षीस मिळत नाही त्यांनाही परीक्षकाचा अभिप्राय पाठवतात. प्रेसचा पत्ता अर्जावर होता म्हणून पाकीट माझ्याकडे आलं. मी उघडलं नाही. मनीषाला कळवलं, तर दुसऱ्याच दिवशी ती हजर. सुधाकरभाऊंना जळगावात ठिबकच्या नळ्या घ्यायच्या होत्या, ते तिला माझ्याकडे सोडून बाजारात गेले.

चार पानं होती, हाताने लिहिलेली, बारीक अक्षर. मनीषाने मोठ्याने वाचायला सुरुवात केली आणि अर्ध्यात आवाज बंद झाला, नुसते ओठ हलत होते. मी सुई-दोरा घेऊन समोर बसले होते, टाका मात्र घातला नाही.

"काय म्हणतात?" मी शेवटी विचारलं.

"म्हणतात, राजाचं प्रकरण काढून टाका, त्याचं काही काम नाही." तिने पान उलटलं. "म्हणतात, गोठ्यांचं वर्णन वाचून हात धुळीने भरल्यासारखे वाटले. म्हणतात, पाठवलेली सोळा पानं वाचली, नसती वाचली तर मोठं नुकसान झालं असतं, पण ती आणखी छोटी हवी होती." परत पान उलटलं, आणि तिच्या कपाळाला आठी पडली. "म्हणतात, तिन्ही तरुण वारे एकसारखेच बोलतात. कोण बोलतोय ते कळत नाही."

"मग?"

"मग काय? भाऊ आहेत ते. एका गोठ्यातले. एकसारखे बोलणारच."

"त्यांना कळलं नसेल."

"कळायला काय आहे त्यात? थोरला सावकाश बोलतो, ते दिसत नाही का? सतराव्या पानावर स्वच्छ लिहिलंय." ती उठली, कपाटातून पुस्तक काढलं, सतरावं पान उघडलं. वाचलं. परत वाचलं. मग खाली बसली. "नाही दिसत," म्हणाली.

तिने माझ्याकडे कागद मागितले. माझ्याकडे एका बाजूने छापलेले प्रुफांचे कागद ढिगाने असतात, पाठकोरे. ती लिहायला लागली, खोडायला लागली. मध्येच वर बघून म्हणायची, "थोरल्याचं जमलं." मध्येच म्हणायची, "राजा काढला तर पूल कोण बांधेल?" मी उत्तर द्यायची गरज नव्हती. दुपार सरली. अभिप्रायाचं शेवटचं वाक्य तिने मला वाचून दाखवलं नव्हतं, ते मी नंतर तिच्या खांद्यावरून वाचलं. 'लेखिकेने पुढचा भाग लिहिला असल्यास मला स्पर्धेबाहेर वाचायला आवडेल.'

तर मी आता काय सांगते, ते हे. अद्भुत लिहिणाऱ्यांनी स्पर्धेला जरूर पाठवावं. तुमच्या पुस्तकासाठी रकाना नसेल, कादंबरीवर खूण करा, नानांसारखं प्रवासवर्णनात घुसू नका. जे मंडळ निकालाआधीच कोणत्या रंगाची शाल हवी ते विचारतं, तिथे पाठवू नका. जे बक्षीस न मिळालेल्यालाही चार ओळी लिहितात, ते शोधा, छोटी असतात, लांब असतात, निकाल उशिरा लावतात. तुमचे घरचे असलं पुस्तक वाचणार नाहीत, गाववाले तर नाहीच. परीक्षकाला ते वाचावं लागतं, आणि कर्तव्य म्हणून वाचायला बसलेला एखादा माणूस मध्येच कर्तव्य विसरतो. बक्षीस मिळेल असं मी सांगत नाही. ते माझ्या हातात नाही, आणि माझ्या हातात होतं तेव्हा मी काय केलं ते तुम्ही वाचलंच.

चार वाजता सुधाकरभाऊ आले. मोटारसायकलला नळ्यांची वेटोळी बांधलेली. दारातूनच म्हणाले, "चला, निघायचं ना? उन्हं उतरली."

मनीषाने मान वर केली नाही. "बसा जरा. मधल्या वाऱ्याची बोली ठरत नाही."

मला वाटलं आता हे चिडणार. ते चप्पल काढून आत आले, तिच्या कागदाकडे वाकून बघितलं. "मधला म्हणजे कोणता? मागच्या वर्षी आपली बाग आडवी केली तो का?"

"हो. तोच."

ते खुर्चीवर बसले. "मंग त्याले आपल्या बोलीत बोलू दे. पुस्तकातलं कशाले? आला तवा शिव्या देतच आला होता."

मनीषाने पेन उचललं आणि नवा कागद ओढला.

"कोणत्या शिव्या?" ती म्हणाली. "एकेक सांगा. हळू."